पलीकडल्यांच्या पायाचं माप

काकांनी पलीकडचा देश कधी पाहिला नाही. तिथली हवा कशी असते हे त्यांना ठाऊक नव्हतं, तिथली भाषा कानावर पडली असती तरी ती कुठली हे सांगता आलं नसतं, आणि तिथे राज्य कोण करतं याची चौकशी करण्याच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत. पण त्या देशातल्या माणसांचे पाय ते स्वतःच्या नातेवाइकांच्या चेहऱ्यांपेक्षा चांगले ओळखत.

काका बुटांच्या कारखान्यात कलबुतं कोरायचे. कलबूत म्हणजे लाकडाचं पाऊल. त्याच्यावर चामडं ताणून बूट घडवतात आणि बूट तयार झाला की पाऊल ओढून बाहेर काढतात. बूट दुकानात जाऊन मिरवतो, कलबूत परत फळीवर जाऊन बसतं. काकांची खोली अशा फळ्यांनी छतापर्यंत भरलेली होती. खोलीत आलेल्या माणसाच्या तोंडाकडे पाहण्याआधी ते त्याच्या पायांकडे पाहत, आणि बरेचदा तेवढ्यावरच भागवत. सगळा कारखाना त्यांना काका म्हणायचा, त्यांच्याहून वयाने मोठी असलेली माणसंसुद्धा. एकदा चिकटलेलं नातं सोडवत बसायला कोणाला वेळ नव्हता.

ते कामाला लागले त्या सुमारास दोन देशांमध्ये व्यापाराचा करार झाला होता. मधे एवढा समुद्र होता की जहाज सुटलं की लोक त्याला विसरूनच जात. तिकडून लाकूड यायचं, इकडून बूट जायचे. भाषणांत या देवाणघेवाणीला मैत्री म्हणत, कारखान्यात ‘पलीकडलं काम’ म्हणत, आणि ज्यांच्यासाठी ते चालायचं ते ‘पलीकडले’. मैत्रीची पहिली खेप जशी गेली तशीच परत आली, कारण बूट चावत होते. दोन्ही वकिलातींमधून बरीच गोड पत्रं गेली-आली. शेवटी तिकडच्या कोणा शहाण्याने पत्रांचा नाद सोडून एक भलं मोठं खोकं पाठवून दिलं. त्यात पलीकडल्यांचे झिजून टाकून दिलेले बूट होते. बघा म्हणावं, असे आहेत आमचे पाय.

खोकं उघडल्यावर जो वास सुटला त्याने भल्याभल्यांनी काढता पाय घेतला. तरुण काका तेवढे मागे राहिले. त्यांनी एकेका बुटात हात घातला आणि आतला तळ बोटांनी चाचपला. कुठल्या बुटाची बाहेरची कड झिजलेली, कुठे करंगळीपाशी चामडं फुगून आलेलं, कुठे पायाच्या उंचवट्यावर आडवी भेग. मग त्यांनी बुटांत प्लास्टर ओतलं, ते सुकल्यावर चामडं फाडून काढलं, आणि टेबलावर पलीकडल्यांची पावलं रांगेने उभी राहिली. त्यांत एक डावा पाय ओढत चालणारी बाई होती. एक माणूस दिसेल त्या वस्तूला लाथ मारणारा होता. बाकी सगळ्यांचे चवडे पसरट आणि उंचवटे भरलेले. पाठीवर ओझं घेऊन चढ चढणाऱ्या माणसांचे ते पाय आहेत, असं काकांनी ठरवून टाकलं आणि त्या बेताने कलबुतं कोरली. लाकूडही पलीकडचंच वापरलं. पुढची खेप परत आली नाही. उलट मागणी इतकी वाढली की शिवणाऱ्या बायका दोन पाळ्यांत यायला लागल्या.

त्या बायकांपैकी एक पुढे काकू झाली. काकूचं बोलणं सुईसारखं होतं, टोचायचं पण जोडूनही ठेवायचं. संध्याकाळी काका घरी येऊन पलीकडल्यांच्या गप्पा मारायचे, की त्यांचा उजवा पाय डाव्यापेक्षा थोडा मोठा असतो, की त्यांच्या बायका टाचेवर जोर देऊन चालतात. काकू ऐकून घ्यायची.

“अख्ख्या देशाचे पाय तुमच्या डोक्यात, आणि माझी चप्पल बाजारातली,” ती म्हणायची.

“तुझा पाय काय, नाजूक आहे. कुठलीही बसते.”

हे उत्तर त्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी दिलं होतं, आणि ते बदलायची गरज त्यांना पुढे कधी वाटली नाही.

मग दोन देशांचं बिनसलं. कोणीतरी कुठल्याशा सभेत काहीतरी बोललं, दुसऱ्याने त्याला तसंच उत्तर दिलं, राजदूतांना परत बोलावलं गेलं आणि जहाजं थांबली. नेमकं कोण कोणाला काय बोललं हे कारखान्यात कोणालाच सांगता येत नव्हतं, पण दुसरी पाळी बंद झाली हे सगळ्यांना कळलं. मालकांनी शाळेच्या बुटांवर आणि खाणकामगारांच्या जोड्यांवर धंदा कसाबसा तगवून धरला. पलीकडली कलबुतं फळ्यांवर राहिली. काका दर वर्षी ती खाली काढत, तेल लावत, चीर गेलेली दिसली तर भरत आणि पुन्हा वर ठेवत. मालक जुने होते, त्यांनी कधी हटकलं नाही. राजदूत गेले, तरी परक्या देशाची एक वकिलात त्या खोलीत चालूच राहिली म्हणायची, आणि तिचा कारभार काकांच्या हातात होता.

मालक गेल्यावर कारखाना त्यांच्या मुलीकडे आला. ती लहानपणी काकांच्या खोलीत कलबुतांची गाडी-गाडी खेळलेली, त्यामुळे कारखान्यात ती ताईच राहिली. ताई यंत्रांचं शिकून आली होती. तिचा हिशोब साधा होता. नवीन कलबुतं प्लास्टिकची करायची, ती यंत्र कोरून देतं, ती फुगत नाहीत, चिरत नाहीत. ते यंत्र ठेवायला जागा हवी, आणि कारखान्यात मोकळी करता येईल अशी खोली एकच.

“काका, ती लाकडं कोणाच्या उपयोगाची आहेत?” तिने एक दिवस विचारलं.

“पलीकडल्यांच्या,” काका म्हणाले.

“पलीकडले आपल्याशी बोलत नाहीत.”

“आज नाहीत.”

ताई हसली. काकांना दुखवायचं तिच्या जिवावर यायचं, म्हणून यंत्र आज घेऊ उद्या घेऊ असं होत राहिलं. आणि तेवढ्यात दोन देश पुन्हा बोलायला लागले. भांडण कशावरून झालं होतं हे बहुधा तेही विसरले असावेत. राजदूत आले, झेंडे आले, आणि पलीकडचे व्यापारमंत्री आपल्या माणसांना घेऊन कारखाना पाहायला येणार असं पत्र आलं. एके काळी आमच्या अर्ध्या देशाच्या पायांत तुमचे बूट होते, असं त्यात लिहिलं होतं. काकांनी ते वाक्य ताईकडून तीनदा वाचून घेतलं.

राजधानीहून एक शिष्टाचार अधिकारी येऊन दाखल झाले. पाहुण्यांनी कुठे उभं राहायचं, हसायचं केव्हा, टाळ्या किती वेळ, हे सगळं ते ठरवायचे. त्यांनी ठरवलं की मंत्रिमहोदयांना कारखान्यात घडवलेला बुटांचा जोड भेट द्यायचा, तो त्यांनी तिथेच पायात घालायचा आणि त्याचे फोटो निघायचे. ताईने काकांना बोलावून घेतलं.

“हा जोड तुमच्या कलबुतावर करा. त्यांना पसंत पडला तर करार त्याच कलबुतांवर होईल, मग तुमच्या खोलीला मी हात लावणार नाही. नाही पडला तर मात्र मला अडवू नका. यंत्र त्या खोलीत येईल आणि लाकडं बॉयलरमध्ये जातील.”

“कबूल,” काका म्हणाले. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते दारात आलेलं होतं, घासाघीस कोण करतो.

वकिलातीतून मंत्र्यांच्या पायाचं माप आलं. लांबी ठीक होती. रुंदी वाचून काका कागदाकडे बघतच राहिले, आणि मग त्यांना हसू फुटलं. एवढी अरुंद पावलं पलीकडल्यांची नसतातच. वकिलातीतल्या कोणा कारकुनाने फीत पायाला आवळून धरली असणार, नाहीतर मंत्र्यांच्या जुन्या बुटावरूनच माप उचललं असणार. त्यांनी घरी काकूला सांगितलं.

“कागदात आहे तसं करा ना,” काकू म्हणाली. “पाय त्यांचा आहे.”

“पाय त्यांचा असला तरी तो मला माहीत आहे.”

काकू काही बोलली नाही. ती गप्प बसली की समजावं, तिला पटलेलं नाही. काकांनी लांबी कागदावरची घेतली, रुंदी फळीवरची. जोड इतका देखणा झाला की शिवणाऱ्या बायका तो बघायला जागा सोडून आल्या.

पाहुणे आले. मंत्री उंच, सडसडीत, केस पिकलेले आणि वागायला अगदी मऊ. त्यांच्या मागे पाचसहा अधिकारी आणि शेजारी दुभाषी बाई. खुर्ची मांडलेली होती, शिष्टाचारवाल्या साहेबांनी मान हलवली, काका गुडघ्यावर बसले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने मंत्र्यांच्या पायांत बूट चढवले. पाय मोज्यात होता, खोली माणसांनी आणि दिव्यांनी भरलेली होती, आणि काकांच्या बोटांना आनंदाने घाई झाली होती. त्या बोटांना त्या घटकेला काही कळलं नाही. मंत्री उठून उभे राहिले, दोन पावलं चालले, हसले आणि काहीतरी म्हणाले.

“अगदी बरोबर बसलेत, म्हणतात,” दुभाषी बाईंनी सांगितलं. “आमच्या माणसांचे पाय तुम्ही विसरला नाहीत, म्हणून आभार मानताहेत.”

टाळ्या झाल्या, ठरल्यापेक्षा जास्त वेळ झाल्या. काकांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी कोणापासून लपवले नाहीत. ताईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. शिष्टाचारवाल्या साहेबांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की हाच जोड आणि हेच कलबूत कराराचा नमुना म्हणून लाखेने बंद होईल, दोन्ही बाजू त्यावर सही करतील आणि पुढचा सगळा माल या नमुन्याबरहुकूम निघेल. सही जेवणानंतर होती. तोवर मंत्री कारखाना पाहणार होते, आणि नवे बूट पायांतून काढायला त्यांनी नम्रपणे नकार दिला.

काका मागून चालले होते. माणसांच्या मागून चालताना ते कुठे बघणार हे सांगायला नको. कापण्याच्या टेबलांपर्यंत त्यांना काही दिसलं नाही, कारण तोवर त्यांना काही बघायचंच नव्हतं. शिवणखान्याच्या दाराशी मात्र त्यांना टाच दिसली. मंत्र्यांनी पाऊल उचललं की टाच आधी उठायची आणि बूट मग, किंचित उशिरा, उठायचा. बुटावर सुरकुती जिथे पडायला हवी त्याच्या पुढेच पडत होती, म्हणजे आत बोटं आकसून बूट धरून ठेवत होती. जिना आला तेव्हा मंत्र्यांनी कठड्याला हात लावला. सडसडीत माणूस, जिन्याला घाबरण्यासारखं वय नव्हतं.

काकांनी मग बाकीच्यांचे पाय पाहिले. आलेल्या सगळ्या पलीकडल्यांचे. एकाचाही चवडा पसरट नव्हता. लांब, अरुंद, गाडीतून आलेले आणि गाडीतूनच जाणारे पाय होते ते. कागद बरोबर होता. खोक्यातल्या बुटांची माणसं, ती डावा पाय ओढणारी बाई, तो लाथा मारणारा माणूस, ती ओझी घेऊन चढणारी सगळी, केव्हाच म्हातारी होऊन गेली असणार, आणि त्यांच्या नातवंडांनी ओझी वाहिली नव्हती. काका जिन्यातच थांबले. घरची माणसं गेल्याची बातमी फार उशिरा कळावी तसं त्यांना झालं, आणि ते दुःख खरं होतं.

पण दुःख करत बसायला वेळ नव्हता. जेवणं चालली होती. शेजारच्या टेबलावर लाख, मेणबत्ती आणि कलबूत मांडून ठेवलं होतं. काका गप्प राहिले तर त्यांची खोली राहणार होती. ताईने शब्द दिला होता, मंत्र्यांनी तोंडाने पसंती दिली होती आणि देशाच्या वतीने त्यावर टाळ्या पडल्या होत्या. मग बूट तयार होतील, जहाजं भरतील आणि पलीकडे पोचतील, तिथे ते लोकांच्या पायांत खुळखुळतील आणि खेप पहिल्यासारखीच परत येईल. काकांनी शिवणाऱ्या बायकांच्या रिकाम्या जागांकडे पाहिलं. दुसरी पाळी कशी बंद होते ते त्यांनी एकदा पाहिलेलं होतं.

त्यांनी शिष्टाचारवाल्या साहेबांना बाजूला घेतलं.

“साहेब, तो जोड बसलेला नाही. सैल आहे.”

“मंत्री स्वतः म्हणाले बसला म्हणून.”

“ते चांगले आहेत म्हणून म्हणाले.”

साहेबांनी आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. “अहो काका, इतक्या वर्षांनी दोन देश बोलायला लागलेत. आणि तुम्ही पाहुण्या मंत्र्यांना तोंडावर सांगणार की ते खोटं बोलले? बसला म्हणजे बसला. तुम्ही दोन घास खाऊन घ्या.”

काकांनी दोन घास खाल्ले नाहीत. ते आपल्या खोलीत गेले, तिथून बसायचं बुटकं स्टूल उचललं आणि सरळ मंत्र्यांच्या खुर्चीपाशी नेऊन ठेवलं. शिष्टाचारवाल्या साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. ताई खुर्चीतून उठली.

“मंत्रिसाहेबांना सांगा, नाडी पुन्हा बांधायची आहे,” काका दुभाषी बाईंना म्हणाले.

नाडी सुटलेली नव्हती, हे मंत्र्यांनाही दिसत होतं. त्यांनी मुकाट्याने पाय पुढे केला. काकांनी टाचेच्या मागे बोट घातलं. बोट अडायला हवं होतं, पण ते मुळापर्यंत आत गेलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मंत्री बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिले, आणि दुभाषी बाईंनी एकदा शिष्टाचारवाल्या साहेबांकडे पाहून मग सांगितलं.

“ते म्हणतात, माझ्या आजोबांचे असेच बूट होते. मी लहानपणी त्यांत पाय घालून घरभर फिरायचो. आज पायात घातले तेव्हा तेच आठवलं. तुमचं मन मोडवेना, म्हणून बोललो नाही.”

काकांनी टाचेमागचं बोट बाहेर काढलं आणि नाडी सोडली.

“त्यांना सांगा,” ते म्हणाले, “की वकिलातीतून माप बरोबर आलं होतं. मीच मानलं नाही. मी त्यांच्या आजोबांसाठी बूट केले. चूक माझी, कारखान्याची नाही. आणि सांगा, या कलबुतावर एक जोडही घेऊ नका. तुमचे आताचे पाय मोजून पाठवा. ताईंकडे यंत्र येणार आहे, ते तसेच कोरून देईल.”

ताई तिथेच उभी होती. तिने सगळं ऐकलं, आणि आपल्याच तोंडून गेलेली अट तिला त्या क्षणी परत घ्यावीशी वाटली. काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते नाडी बांधत होते, आणि ती नीट बांधून झाल्यावरच उठले.

लाखेचा कार्यक्रम त्या दिवशी झाला नाही. शिष्टाचारवाल्या साहेबांनी संध्याकाळपर्यंत कोणाशी शब्द काढला नाही, पण करार मोडला नाही. नमुना मागाहून ठरेल असं एक कलम त्यात आलं आणि सह्या झाल्या. मंत्री जाताना ते बूट बरोबर घेऊन गेले. सैल तर सैल, माझ्या आजोबांचे आहेत, असं म्हणाले म्हणे.

पुढे यंत्र आलं. ताईने काकांना सांगितलं होतं की एक फळी ठेवा हवी तर, माझी हरकत नाही. काका म्हणाले, एका फळीवर कोणाला ठेवणार आणि कोणाला काढणार. खोली त्यांनी स्वतःच रिकामी केली. बॉयलरवाल्याच्या हातात एकेक कलबूत देताना ते त्याच्याकडे बघायचे आणि कोणाचं ते मनाशी म्हणायचे. तेल पिऊन पिऊन मुरलेलं लाकूड होतं, छान पेटलं. दुसरी पाळी सुरू झाली. नव्या कलबुतांवरचे बूट अरुंद होते आणि ते परत आले नाहीत.

काका निवृत्त झाले. फीत तेवढी त्यांनी खिशात ठेवली होती, सवयीने. एक दिवस काकू बाजारातून चप्पल घेऊन आली आणि घालून बघताना कपाळाला आठ्या घालून बसली.

“काय झालं?”

“चावते. सगळ्याच चावतात. किती वर्षं झाली.”

“बोलली नाहीस कधी.”

“बोलले होते. तुम्ही म्हणालात, नाजूक आहे, कुठलीही बसते.”

काका उठले. त्यांनी बुटकं स्टूल ओढलं, काकूचा पाय मांडीवर घेतला आणि फीत चवड्याभोवती फिरवली. आकडा बघून त्यांनी फीत काढली आणि पुन्हा लावली. पाय पसरट होता, चांगलाच पसरट, उंचवटाही भरून आलेला. शिवणखान्यात उभ्याने काढलेली वर्षं, पाण्याच्या बादल्या, जिने, सगळं त्यात होतं.

“ही फीत जुनी झालीय बहुतेक,” काका म्हणाले.

काकूने पाय तसाच मांडीवर ठेवला.

काकांनी पेन्सिल घेतली आणि फितीवर जो आकडा आला होता तोच लिहिला.